कार्यालयप्रमुखाची जबाबदारी : दोषारोपाकडून उत्तरदायित्वाकडे

कोणत्याही कार्यालयात एखादे काम बिघडले, मुदत टळली किंवा वरून विचारणा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हे कोणी केले?’ बैठक बोलावली जाते. वरिष्ठ कनिष्ठाकडे पाहतात, कनिष्ठ शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो, ते टेबल दुसऱ्या शाखेचे नाव घेते आणि दुसरी शाखा ‘संचिका आमच्याकडे आलीच नव्हती’ असे सांगून मोकळी होते. तासाभरात कोणाच्या तरी नावावर खापर फुटते. बैठक संपते, कारणे दाखवा नोटीस निघते आणि सर्वांना काम केल्याचे समाधान लाभते. मात्र ज्या कारणाने काम बिघडले ते कारण जागच्या जागीच राहते.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ आणि ‘वड्याचे तेल वांग्यावर’ या म्हणी मराठी माणसाने उगाच घडवलेल्या नाहीत. आपल्या उणिवेचे कारण बाहेर शोधण्याची प्रवृत्ती मनुष्यस्वभावातच आहे. सामान्य माणसाच्या बाबतीत तिचे परिणाम त्याच्या घरापुरते राहतात. परंतु ज्याच्या हाताखाली दहा, पन्नास किंवा पाचशे माणसे काम करतात, त्या प्रमुखाने हीच वाट धरली तर संपूर्ण संस्थेला तिची सवय लागते. म्हणूनच दोष देणे आणि जबाबदारी घेणे यांतील भेद नेतृत्वाच्या अभ्यासात मूलभूत मानला पाहिजे.

दोष आणि जबाबदारी यांतील भेद

हे दोन शब्द व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. ‘याला जबाबदार कोण?’ या प्रश्नात बहुधा ‘शिक्षा कोणाला करायची?’ हाच प्रश्न दडलेला असतो. वस्तुतः दोषारोपाची दृष्टी मागे असते, तर जबाबदारीची दृष्टी मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांना असते. दोष देणारा ‘कोण चुकले’ एवढे ठरवून थांबतो. जबाबदारी घेणारा ‘काय घडले, त्यात माझा वाटा किती आणि आता काय करावयाचे’ असे तीन प्रश्न विचारतो.

दुसरा भेद असा की दोष दुसऱ्यावर लादता येतो. जबाबदारी मात्र स्वतःच स्वीकारावी लागते. वरिष्ठाने ‘तू जबाबदारीने वाग’ असे शंभरदा बजावले तरी कनिष्ठ शिकतो ते वरिष्ठाच्या वागण्यातून. प्रमुख संकटाच्या वेळी मागे सरकत असेल तर त्याच्या हाताखालचा प्रत्येक जण मागे सरकण्याचीच कला आत्मसात करतो.

कार्यालयीन भाषेतही या वृत्तीची खूण दिसते. ‘नजरचुकीने राहून गेले’, ‘विलंब झाल्याचे दिसून येते’, ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी’ अशा वाक्यांत कर्ता नसतो. काम आपोआप राहते आणि विलंब आपोआप होतो. अशा भाषेला औपचारिकतेची गरज म्हणून काही स्थान असेलही. परंतु विचारही त्याच साच्यात होऊ लागला की कर्ता वाक्यातून जातो तसा कामातूनही जातो.

श्रीहरिकोटा : 1979 आणि 1980

उत्तरदायित्वाचा एक बोलका धडा भारताच्या अवकाश कार्यक्रमात सापडतो. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटा येथून एस.एल.व्ही.-3 या चार टप्प्यांच्या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. पहिल्या टप्प्याने अपेक्षेप्रमाणे काम केले; मात्र दुसऱ्या टप्प्यात प्रक्षेपकाचे नियंत्रण सुटले आणि काही मिनिटांतच तो बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील एक झडप नीट बंद न राहिल्याने त्यातील नायट्रिक आम्ल गळून गेले होते, असे तपासात निष्पन्न झाले.

कलाम यांनी पुढील काळात आपल्या भाषणांतून ही हकिगत अनेकदा सांगितली. उड्डाणापूर्वी संगणकाने बिघाडाची सूचना देऊन प्रक्रिया रोखली होती. तज्ज्ञांशी विचारविनिमय करून उड्डाण पुढे नेण्याचा निर्णय प्रकल्पप्रमुख या नात्याने कलाम यांनी घेतला आणि तो चुकला. खापर फोडावयाचेच असते तर नाव तयार होते. तथापि, पत्रकारांना सामोरे जाण्याची वेळ आली तेव्हा धवन स्वतः पुढे झाले. अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थेचा प्रमुख म्हणून आपल्याकडे घेतली, सहकाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला आणि पुढील प्रयत्न यशस्वी होईल असे सांगितले. नंतरच्या तांत्रिक आढाव्यात कलाम यांनीही सहकाऱ्यांच्या आड न लपता प्रकल्पप्रमुख म्हणून अपयशाचे उत्तरदायित्व स्वीकारले.

18 जुलै 1980 रोजी त्याच मालिकेतील प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवतीच्या कक्षेत यशस्वीरीत्या सोडला. त्या दिवशी पत्रकारांपुढे बोलण्यासाठी धवन यांनी कलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे केले. अपयश आले तेव्हा प्रमुख समोर होता. यश आले तेव्हा त्याने ते सहकाऱ्यांच्या हाती दिले.

या प्रसंगाकडे केवळ मनाचा मोठेपणा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. धवन यांच्या वागण्याचा व्यावहारिक परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. आपल्यावर जाहीर ठपका येणार नाही हे ज्यांना ठाऊक आहे, तेच तंत्रज्ञ बिघाडाचा शोध मोकळेपणाने घेऊ शकतात. कोणती झडप, कोणत्या क्षणी, कोणत्या कारणाने निकामी झाली, हे शोधण्यासाठी प्रत्येकाने आपल्याजवळची माहिती टेबलावर ठेवावी लागते. भीतीच्या वातावरणात ती माहिती खिशातच राहते. वर्षभराच्या आत दुसरे उड्डाण यशस्वी होण्यामागे तांत्रिक कौशल्य होतेच. पण ते कौशल्य मोकळेपणाने वापरता येईल असे वातावरणही होते.

राजीनामा आणि उत्तरदायित्व

जबाबदारी स्वीकारणे म्हणजे पद सोडणे, अशी एक समजूत आढळते. तिच्यामागे लालबहादूर शास्त्री यांचे उदाहरण आहे. नोव्हेंबर 1956 मध्ये तत्कालीन मद्रास राज्यातील अरियालूरजवळ पुराच्या पाण्याने खचलेल्या पुलावर रेल्वेगाडीला भीषण अपघात झाला आणि शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. रेल्वेमंत्री शास्त्री यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्याच वर्षी महबूबनगरजवळ झालेल्या अपघातानंतरही त्यांनी राजीनामा देऊ केला होता. तो तेव्हा स्वीकारला गेला नव्हता. या वेळी पंतप्रधान पंडित नेहरू यांनी तो स्वीकारला. अपघाताला शास्त्री कारणीभूत आहेत असे नव्हे, तर सार्वजनिक जीवनात एक संकेत रूढ व्हावा म्हणून तो स्वीकारत असल्याचे त्यांनी स्पष्ट केले.

शास्त्री यांनी पद सोडले. धवन पदावर राहिले आणि 1984 पर्यंत संस्थेचे नेतृत्व करीत राहिले. दोघांनीही जबाबदारी घेतली. मार्ग वेगळे असले तरी मूळ वृत्ती एकच होती : हाताखालच्या माणसाला पुढे करून स्वतः सुरक्षित राहावयाचे नाही. लोकशाहीत मंत्र्याचे उत्तरदायित्व संसदेपुढे आणि जनतेपुढे असते. तेथे पदत्यागाला विशेष अर्थ आहे. कार्यालयप्रमुखाच्या बाबतीत मात्र बहुतेक प्रसंगी थांबून बिघाड दुरुस्त करणे हेच जबाबदारीचे अधिक खडतर रूप ठरते.

लपलेली चूक पुन्हा घडते

दोषारोपाची सर्वांत मोठी किंमत म्हणजे माहितीचा प्रवाह आटणे. विमान वाहतुकीच्या क्षेत्राने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे एक प्रवासी विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व 92 जण मरण पावले. विमान उतरवण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक लावला होता आणि नियंत्रकांना दुसराच अभिप्रेत होता. चौकशीत उघड झाले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका विमान कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजामुळे धोकादायक रीत्या खाली आले होते आणि थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. परंतु ती माहिती इतरांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती.

या अनुभवानंतर 1976 मध्ये अमेरिकेत विमानसुरक्षा अहवाल योजना सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांनी आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात स्वेच्छेने कळवावेत आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जावे, असे तिचे स्वरूप आहे. हे अहवाल स्वीकारण्याचे काम दंड करणाऱ्या यंत्रणेकडे न ठेवता नासा या संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आले. अजाणता घडलेली चूक वेळेत कळवणाऱ्यास दंडातून सवलत मिळते. गुन्ह्याला मात्र ही सवलत लागू नाही.

जपानमधील टोयोटा कंपनीच्या कारखान्यांतही हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसते. जुळणीच्या रांगेत दोष आढळला की साध्या कामगारालाही सूचना देण्याचा आणि वेळ पडल्यास संपूर्ण रांग थांबवण्याचा अधिकार असतो. दोष दाखवणारा तेथे कामात अडथळा आणणारा ठरत नाही. त्याच कंपनीचे ताइइची ओनो यांनी एकाच घटनेबाबत ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची पद्धत रूढ केली. पहिल्या ‘का’ला बहुधा माणसाचे नाव उत्तर म्हणून येते, पाचव्या ‘का’पर्यंत पोहोचल्यावर व्यवस्थेतील उणीव हाती लागते.

एक कल्पित पण परिचित उदाहरण

हे तत्त्व तालुक्याच्या कचेरीत कसे लागू पडेल? समजा, एका शेतमजुराच्या मुलीला महाविद्यालयीन शुल्कात सवलत मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. अर्ज सेतू केंद्रातून वेळेत दाखल झाला. परंतु दाखला हाती पडला तेव्हा महाविद्यालयाची मुदत टळून गेली होती. वडील कचेरीत येतात. ‘साहेब, पोरीचं वर्ष जाईल. आमची काय चूक झाली तेवढं सांगा,’ एवढेच ते म्हणतात.

तहसीलदारांपुढे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा आहे : संबंधित कारकुनाला बोलावून वडिलांसमोरच खडसावणे आणि ‘यांच्यामुळे उशीर झाला’ असे सांगणे. त्याने वडिलांचा राग क्षणभर शांत होईल. पण मुलीचा प्रश्न सुटणार नाही आणि पुढील आठवड्यात दुसऱ्या मुलीचा दाखला तसाच अडकेल.

दुसरा मार्ग चौकशीचा आहे. तहसीलदार कारकुनाला विचारतात, ‘भाऊसाहेब, हा अर्ज कोणत्या दिवशी कोठे होता, ते माझ्यासमोर मांडा.’ दाखल्याला उशीर का झाला? गावपातळीवरील चौकशीचा अहवाल उशिरा आला. अहवाल उशिरा का आला? त्या कर्मचाऱ्याकडे दोन गावांचा कार्यभार होता आणि तो पीकनुकसानीच्या पंचनाम्यांत गुंतला होता. अहवाल आलेला नाही हे कचेरीत कोणाच्या लक्षात का आले नाही? प्रलंबित प्रकरणांची दर सोमवारी होणारी छाननी झालीच नव्हती. ती का झाली नाही? ती स्थगित केली होती. कोणी आणि का? पंचनाम्यांच्या घाईत स्वतः तहसीलदारांनीच ती स्थगित केली होती आणि तिच्याऐवजी दुसरी व्यवस्था लावून दिली नव्हती.

येथे शोध सुरू करणाऱ्याच्याच दाराशी येऊन थांबतो. हाच कसोटीचा क्षण होय. प्रमुखाने या ठिकाणी चौकशी गुंडाळली तर कारकुनाने काय शिकावे, हे वेगळे सांगावयास नको. उलट ‘छाननी मी थांबवली, पर्यायी व्यवस्था मी केली नाही’ असे त्याने सहकाऱ्यांसमोर म्हटले, तर कारकूनही ‘अहवाल आला नाही हे मला दिसले होते, पण मी स्मरणपत्र पाठवले नाही’ असे सांगण्यास धजावतो. प्रमुखाने आपला वाटा मान्य केल्याने इतरांचा वाटा पुसला जात नाही. तो उघडपणे मांडणे मात्र शक्य होते.

त्यानंतरची कृती तितकीच महत्त्वाची आहे. वडिलांना ‘उशीर कार्यालयाकडून झाला, आपली चूक नव्हती’ असे स्पष्ट सांगणे. विलंबाचे कारण नमूद करून प्राचार्यांना त्याच दिवशी पत्र देणे आणि सवलतीचा विचार करण्याची विनंती करणे. सोमवारची छाननी पुन्हा सुरू करणे आणि प्रमुख दौऱ्यावर असल्यास ती कोण करील हे लेखी ठरवणे. महाविद्यालय विनंती मान्य करील किंवा करणारही नाही. गेलेली मुदत प्रत्येक वेळी परत आणता येत नाही, आणि म्हणूनच छाननीसारखी साधी बाब क्षुल्लक मानता येत नाही. त्या एका सोमवारच्या मागे एका मुलीचे शैक्षणिक वर्ष उभे असते.

हयगय आणि गैरवर्तन यांचे काय?

दोषारोप टाळावा म्हणजे सर्व काही पोटात घालावे, असा याचा अर्थ नाही. प्रामाणिक चूक, हयगय आणि हेतुपुरस्सर गैरवर्तन या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत. चुकीतून शिकावयाचे असते. हयगय वारंवार घडत असेल तर समज देऊन, प्रशिक्षण देऊन आणि आवश्यक तेव्हा कारवाई करून ती थांबवावयाची असते. आणि लाचलुचपत, खोट्या नोंदी, अधिकाराचा दुरुपयोग यांना क्षमा असू शकत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांसारखे नियम त्यासाठीच आहेत. त्यांत दोषारोप लेखी ठेवावे लागतात आणि कर्मचाऱ्यास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. भर बैठकीत केलेला पाणउतारा ही शिस्त नव्हे. ती केवळ वरिष्ठाच्या रागाला दिलेली वाट असते.

जबाबदारीच्या नावाखाली घडणारी दुसरी चूकही टाळली पाहिजे. काही प्रमुख ‘सर्व दोष माझा’ असे म्हणून विषय संपवतात. त्यामुळे चौकशी होत नाही आणि सुधारणाही होत नाही. जबाबदारीच्या स्वीकारात नेमकेपणा हवा : कोणता निर्णय आपला होता, तो का चुकला आणि पुढे काय बदलणार, हे सांगता आले पाहिजे.

कायद्याची दिशा

महाराष्ट्रातील दोन कायद्यांनी उत्तरदायित्वाचे हे तत्त्व नियमबद्ध केले आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्य पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमानुसार कोणतीही संचिका सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहता कामा नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क ठरला. प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, त्यावर प्रथम आणि द्वितीय अपिलीय प्राधिकारी आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग अशी रचना आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा नाकारणाऱ्या किंवा विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा उत्तर देणाऱ्याचे पद निश्चित करू शकतो. ते उत्तर मनापासून देण्याची वृत्ती मात्र कायद्याने निर्माण होत नाही. दंड टळावा एवढ्याच हेतूने त्रुटी काढून अर्ज परत पाठवणे सहज शक्य असते. मुदत पाळली गेल्याची नोंद होते, अर्जदार मात्र रिकाम्या हाताने परततो. कायद्याचा शब्द आणि त्याचा हेतू यांतील हे अंतर कार्यालयप्रमुखाच्या आचरणानेच भरून निघते.

आचरणासाठी काही सूत्रे

नेतृत्वाचा हा गुण जन्मजात नसतो. तो सवयीने अंगी बाणतो. पुढील सूत्रे कोणत्याही कार्यालयात, कारखान्यात, शाळेत किंवा सहकारी संस्थेत उपयोगी पडतील.

1. काम बिघडल्याचे कळताच ‘कोणी?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘काय घडले?’ असे विचारावे आणि घटनांचा क्रम दिनांकांसह मांडावा.

2. सहकाऱ्यांच्या उणिवांची चर्चा करण्यापूर्वी आपल्या निर्णयाचा, सूचनेचा किंवा दुर्लक्षाचा त्यात किती वाटा होता, हे प्रमुखाने प्रथम सांगावे.

3. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचे आभार मानावेत. आज त्याला झिडकारले तर उद्या ती बातमी वरिष्ठ कार्यालयाकडून किंवा वर्तमानपत्रातून कळेल.

4. कर्मचाऱ्याची कानउघाडणी एकांतात करावी आणि प्रशंसा सर्वांसमोर करावी. बाहेरच्यांपुढे कार्यालयाच्या वतीने प्रमुखाने स्वतः उत्तर द्यावे.

5. प्रत्येक चौकशीचा शेवट एका निश्चित बदलात व्हावा. तो बदल कोण, केव्हापर्यंत करणार हे लिहून ठेवावे आणि महिन्याने त्याचा आढावा घ्यावा.

6. नागरिकाची गैरसोय झाली असेल तर तशी कबुली द्यावी. दिलगिरीच्या एका सरळ वाक्याने शासनाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

समारोप

अधिकार आणि जबाबदारी एकाच पदाच्या दोन बाजू आहेत. अधिकार वापरावयाचा आणि परिणाम दुसऱ्याच्या पदरी टाकावयाचा, ही वृत्ती काही काळ सोयीची वाटते. परंतु तिच्यामुळे सहकारी मुके होतात, चुका लपतात आणि लपलेल्या चुका अखेर सामान्य माणसाच्या वाट्याला येतात. उलट, प्रमुख आपला वाटा आधी उचलतो तेथे इतरही पुढे येतात, बिघाड लवकर उघड होतो आणि वेळेत दुरुस्त करता येतो.

श्रीहरिकोटा येथे 1979 साली अपयशाला सामोरा गेलेला संस्थाप्रमुख आणि तालुक्याच्या कचेरीत शेतमजूर पित्यासमोर ‘उशीर आमच्याकडून झाला’ असे म्हणणारा अधिकारी यांच्या कामाचा आवाका सर्वस्वी वेगळा आहे. मात्र दोघांपुढील प्रश्न एकच असतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक प्रमुखाला आपल्या खुर्चीवर बसूनच द्यावे लागते.